आनंदाच्या कवीचे औदासीन्य

बालकवींचे नाव निघाले की आपल्यापैकी बहुतेकांना शाळेत पाठ केलेली एखादी ओळ आठवते, आणि ती ओळ हसरी असते. श्रावणातले ऊन, हिरवळीवरची कळी, डोंगरावरून उड्या घेत येणारा झरा, यांच्या पलीकडे त्यांची ओळख सहसा जात नाही. 'निसर्गकवी', 'सौंदर्याचा पुजारी' अशी बिरुदे आपण उत्तरपत्रिकेत इमानाने उतरवतो आणि त्याचे गुणही मिळतात. त्या बिरुदांत खोटे काही नाही. पण ती अर्ध्या कवीची आहेत. उरलेल्या अर्ध्याविषयी, म्हणजे बालकवींच्या कवितेत लपून राहिलेल्या एकाकीपणाविषयी आणि निराशेविषयी, मला येथे लिहावयाचे आहे. हा विषय मी समीक्षकाच्या अधिकाराने मांडत नाही. मराठी विशेष विषय घेतलेल्या एका विद्यार्थ्याने समग्र कवितांचे पुस्तक ग्रंथालयातून दोनदा मुदत वाढवून घेऊन वाचले, त्या वाचनातून हे सुचले आहे.

प्रथम थोडे चरित्र. त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९० रोजी खानदेशात धरणगाव येथे झाला. वडील पोलीस खात्यात असल्याने बदल्यांच्या मागे घर फिरत राहिले. १९०७ साली जळगावला महाराष्ट्रातील पहिले कविसंमेलन भरले. अध्यक्ष होते कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. त्या संमेलनात या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने कविता म्हटली आणि 'बालकवी' ही पदवी मिळवली. पुढे रेव्हरंड टिळकांच्या घरी तो घरच्या मुलासारखा राहिला. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त हा हट्टी, लोभस, पोरकट ठोमरे भेटतो आणि वाचकाला त्याचा लळा लागतो. ५ मे १९१८ रोजी जळगावजवळ भादली स्टेशनापाशी आगगाडीखाली सापडून त्याचा अंत झाला. वयाची अठ्ठावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. मागे राहिल्या त्या दीडशेच्या आसपास कविता, त्यांतल्या काही अपुऱ्याच.

पदवीचा विचार करण्यासारखा आहे. सतराव्या वर्षी 'बाल' म्हणणे हे कौतुक झाले. सत्ताविसाव्या वर्षीही ते तसेच राहिले, आणि मृत्यूनंतर तर ते कायमचे झाले. ज्याला सगळ्यांनी मिळून बाळ ठरवले आहे, त्याच्या तोंडून प्रौढ माणसाचे दुःख ऐकायला कोणाचे कान तयार असणार? पाठ्यपुस्तकांनी हेच केले. मुलांना द्यायच्या म्हणून आनंदाच्या कविता निवडल्या गेल्या. ते योग्यच झाले, दहा वर्षांच्या मुलाला 'औदासीन्य' शिकवा असे मी म्हणणार नाही. पण शाळा सुटली तरी आपण तेवढ्याच कवितांवर थांबलो.

'औदासीन्य' ही छोटीशी कविता. तिच्यात जवळजवळ सगळे प्रश्नच आहेत. मनाला ही खिन्नता कोठून येते ते कवीला कळत नाही. काय सलते आहे तेही समजत नाही, आणि जे सलते ते वरवर नाही, हृदयाच्याही आत जे काही असेल तेथे सलते. जीव हाका मारतो आहे, पण कोणाला? जे बोलायचे आहे त्याला वाचा नाही, आणि न बोललेले तेच आतून पोखरते आहे. बालकवींची म्हणून जी ओळख आपण सांगतो तिचा येथे मागमूस नाही. फूल नाही, पाखरू नाही, ऊन नाही. निसर्गातून एक वारा तेवढा आत आला आहे, आणि तोही कोणीकडे चालला आहे ते कवीला ठाऊक नाही. शेवटी चौकशी आहे ती औषधाची.

मला या कवितेतले सगळ्यात महत्त्वाचे वाटते ते तिच्यात नसलेले. तिच्यात कारण नाही. हे किती वेगळे आहे हे समजण्यासाठी त्या काळातले इतर दोन कवी शेजारी ठेवून पाहावेत. केशवसुतांना निराशा काही कमी नव्हती. 'सतारीचे बोल' या कवितेत रात्रीच्या काळोखात खचलेला एक माणूस रस्त्याने चालला आहे. कोठल्याशा खिडकीतून सतारीचे सूर येतात, तो थबकतो, आणि हळूहळू त्याचे मन निवते. म्हणजे तेथे रस्ता आहे, खिडकी आहे, खिडकीमागे वाजवणारे कोणीतरी आहे. दुःखाला सुरुवात आहे आणि उतारही आहे. गोविंदाग्रजांचे दुःख तर खणखणीत आवाजात बोलते. प्रेमभंग झाला तर तो झाला असे ते सांगतात, 'राजहंस माझा निजला' मध्ये आईच्या मांडीवर मेलेले मूल आहे. वाचकाला रडण्याचे कारण हातात मिळते. बालकवींच्या 'औदासीन्या'त यातले काही नाही. कोणी मेलेले नाही, कोणी सोडून गेलेले नाही, कोणा समाजाने छळलेले नाही. नुसती उदासी आहे, आणि ती आहे याचेच कवीला नवल वाटते आहे.

मराठी कवितेत दुःखाला कारण मागण्याची सवय जुनी आहे. संतांच्या व्याकुळतेलाही देवाच्या विरहाचे नाव असते. बिननावाचे दुःख इतक्या साध्या शब्दांत मांडणारा बालकवींच्या आधीचा दुसरा कवी मला तरी दिसत नाही. म्हणून आधुनिक मनाची कविता आपण मर्ढेकरांपासून मोजतो, ती या एका बाबतीत तरी आणखी मागून मोजायला हवी असे माझे मत आहे.

आता एक सोपी मांडणी आपल्याकडे रूढ आहे. आधी आनंदाचे बालकवी, मग संसाराचे, पैशाचे चटके बसल्यावर उदासीचे बालकवी, अशी ती मांडणी. काळाच्या दृष्टीने ती ढोबळमानाने बरोबरही असेल. परंतु उदास कविता वाचून झाल्यावर मी पुन्हा हसऱ्या कवितांकडे वळलो, तेव्हा त्या पहिल्यासारख्या वाचता येईनात.

'श्रावणमास' घ्या. चित्रामागून चित्र येते. ऊन-पाऊस, इंद्रधनुष्य, संध्याकाळचे सोनेरी शेंडे, बगळ्यांची रांग, गुरे, गुराखी. शेवटी देवदर्शनाला निघालेल्या स्त्रिया येतात आणि कवी सांगतो की श्रावणाचे गाणे त्यांच्या चेहऱ्यांवर वाचावे. किती सुंदर शेवट! पण या कवितेत कवी कोठे उभा आहे? तो बाजूला उभा आहे. आनंद त्याला दुसऱ्याच्या तोंडावर वाचायचा आहे. 'फुलराणी'चे तसेच. कळीचे आणि सूर्यकिरणाचे लग्न लागते, वारा सनई वाजवतो, भारद्वाज नाचतात, सारी सृष्टी वऱ्हाडात आहे. या लग्नात माणूस एकही नाही. अगदी अखेरीस एक कवी तेथे येतो, आणि तोही गाणे गाण्यापुरता. वरपक्षाचाही नाही आणि वधूपक्षाचाही नाही. 'आनंदी आनंद' म्हणताना तर लहानपणी आम्ही टाळ्या पिटत असू, त्यामुळे तिच्या शेवटच्या कडव्यात स्वार्थाच्या बाजारात रडणारी माणसे उभी आहेत हे लक्षातच आले नाही. कवितेतला सगळा आनंद आकाशात, झाडांत, पाखरांत आहे. माणसांची वस्ती आली की तेथे रडणे आहे.

आणि याच कवितेजवळ मला ती गोष्ट सापडली जिच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. 'आनंदी आनंद' मध्ये आनंद कोठे आहे? या बाजूला आहे, त्या बाजूला आहे, सगळीकडे आहे. आता 'औदासीन्य' पाहा. जीवाला जे हवे आहे ते या ठिकाणी सापडत नाही आणि त्या ठिकाणीही सापडत नाही. दोन्ही कविता जवळ ठेवून वाचल्या तर दिसते की बोट दाखवण्याची रीत तीच आहे. तोच माणूस त्याच जागी उभा राहून आधी इकडे आणि मग तिकडे पाहतो आहे. एकदा त्याला सगळे भरलेले दिसते, एकदा सगळे रिकामे. दिशा बदललेल्या नाहीत. मधे उभा असलेला माणूसही बदललेला नाही, दोन्ही वेळा तो एकटाच आहे. वाचकांपैकी कोणी म्हणेल की हा शब्दांचा योगायोग आहे. असेलही. पण बालकवींचा शब्दसंग्रह लहान आहे, आणि लहान शब्दसंग्रहाच्या कवीजवळ तोच शब्द परत येतो तेव्हा तो आधीच्या जागेची माती पायाला लावून येतो.

आमच्या वर्गात याविषयी चर्चा झाली तेव्हा एकाने विचारले, मग तो आनंद खोटा होता काय? मला तसे म्हणावयाचे नाही. 'निर्झरास' लिहिणाऱ्याचा आनंद नाटकी असू शकत नाही. तो आनंद खराच होता, फक्त त्यात माणसाची सोबत नव्हती. झऱ्याशी, कळीशी, ताऱ्यांशी जो इतके बोलतो त्याला बोलायला दुसरे कोणी नसावे, ही शंका त्या कवितांतही येते. 'औदासीन्या'त झरा आणि तारे निघून जातात. एकटेपणा तेवढा उरतो, आणि तो आधीपासून होताच.

'पारवा' या कवितेकडे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. पडकी धर्मशाळा, ढासळलेली भिंत, कलंडलेला खांब, वर कौलांत बसून घुमणारा पारवा. वेळ भर दुपारची. सूर्य माथ्यावर, आभाळात घार फेऱ्या घालते आहे, इतर पाखरे सावलीत दडली आहेत. ज्यांनी खानदेशातला एप्रिल-मे काढला आहे त्यांना ही दुपार वेगळी सांगायला नको. त्या वेळी गावातही माणूस दिसत नाही आणि पारव्याचे घुमणे कानात बसते. धर्मशाळा ही जागाही अचूक निवडली आहे. जेथे परक्या माणसांनी एक रात्र एकमेकांच्या सोबतीने काढायची, ती जागा मोडून पडली आहे. कवी पारव्याला विचारतो, तुला काय दुखते खुपते? येथवर हे आपल्या ओळखीचे आहे, खिन्न पक्षी आणि कनवाळू कवी. पण पुढे कविता वळते. मानवाला सुखाची झोप टिकत नाही, असे कवी म्हणतो. बुद्धाची आठवण काढतो. पारव्याला दुःखाची झोप लागली आहे आणि त्या झोपेत त्याचे जगही शांत झाले आहे. मग अगदी शेवटी कवी स्वतःच्या जगाकडे वळतो. तेथे गरम वारे वाहत आहेत, आणि पारव्याला त्याची जाणीवही नाही.

हा शेवट मी पहिल्यांदा वाचला तेव्हा थोडा अडखळलो. कवी पारव्याची कीव करतो आहे असे समजून मी वाचत होतो, आणि तो तर त्याचा हेवा करतो आहे! ज्याचे दुःख इतके पुरते आहे की त्यात झोप लागते, तो सुखी. कवीला आनंदही पुरता मिळाला नाही आणि दुःखही नाही. निराशेचे याहून खोल वर्णन मला माहीत नाही, आणि ते पाखराला विचारलेल्या प्रेमळ प्रश्नांच्या आड असे ठेवले आहे की घाईने वाचणाऱ्याला ते दिसू नये.

'खेड्यातील रात्र' आणि 'शून्य मनाच्या घुमटात' या कविता याच कुळातल्या. पहिलीत उजाड माळ, पडके बुरूज, ओसाड देऊळ आणि काळोख आहे. दुसरीत रिकाम्या मनात काहीतरी गाणे घुमत राहते आणि त्याचा अर्थ लागत नाही. येथे मी त्यांच्यात शिरत नाही. पहिली तर मोठ्याने वाचण्याची कविता आहे, शक्यतो वीज गेलेली असताना.

बालकवींच्या मृत्यूविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. उदास कविता एका बाजूला आणि रेल्वेचे रूळ दुसऱ्या बाजूला ठेवून मधली जागा कल्पनेने भरण्याचा मोह पुष्कळांना होतो. मला तो मोह बरा वाटत नाही. कविता हा पंचनामा नव्हे. अपघात हा अपघात म्हणून सोडून द्यावा. एरवी होते असे, की शेवट ठाऊक झाल्यामुळे आपण कविता मागून पुढे वाचू लागतो, आणि 'औदासीन्या'त जे कारण कवीला सापडले नाही ते आपण त्याच्या खिशात घालतो. कारण नसणे हेच तर त्या कवितेचे म्हणणे आहे. गरिबी होती, संसारात कुरबुरी होत्या, हे चरित्रकार सांगतात. त्या असलेले हजारो लोक होते आणि आहेत. त्यांतल्या कितीजणांना हृदयाच्या आतले हृदय दुखते असे सुचले?

वसतिगृहात राहणाऱ्यांना हे समजायला कठीण जाऊ नये. खोलीतला एखादा मुलगा गप्प गप्प राहू लागला की आपण विचारतो, "अरे, झाले काय? तुला काय कमी आहे?" विचारणारा मायेनेच विचारतो. पण या प्रश्नाचे उत्तर द्यायला कारण लागते. नापास झालो, घरून पैसे आले नाहीत, कोणी नकार दिला, असे काही सांगता आले तर दुःख मान्य होते. ज्याच्याजवळ असे काही नाही तो म्हणतो, "काही नाही रे," आणि हसतो. आमच्या मजल्यावर एक होता. स्नेहसंमेलनात नकला करायचा, जेवणघरात त्याच्या टेबलाभोवती गर्दी असायची. एका सुट्टीनंतर तो परत आला नाही. तब्येत बरी नसते, एवढेच पत्र रेक्टरांकडे आले. त्याला काही कारण होते असे मला आजही वाटत नाही. बालकवींची कविता तेव्हा आम्ही अभ्यासाला घेतलेली नव्हती. घेतली तेव्हा पहिल्या वाचनात मला त्याचा चेहरा दिसला, आणि नंतर उत्तर लिहिताना 'आनंदवादी' हा शब्द हातून उतरेना.

पुढच्या कवींना आणि लेखकांना हा दुसरा बालकवी दिसला होता याच्या खुणा आहेत. मर्ढेकर १९०९ साली खानदेशातच, फैजपूरला जन्मले. १९३९ च्या 'शिशिरागम' मधल्या त्यांच्या कवितांवर बालकवींची छाया आहे असे समीक्षक सांगत आले आहेत. १९४७ च्या 'काही कविता'मध्ये ते शहरात, गर्दीत आणि यंत्रांत येऊन पोचले. तेथला एकटेपणा गर्दीतला आहे, त्याला युद्धाचे आणि कारखान्याचे कारण देता येते. जी. ए. कुलकर्णी यांच्या पहिल्या दोन कथासंग्रहांची नावे पाहा : 'निळासावळा' आणि 'पारवा', १९५९ आणि १९६०. दोन्ही शब्द वाचताच बालकवी आठवतात. मराठीतल्या सर्वांत काळोख्या कथा लिहिणाऱ्याच्या पुस्तकांवर मराठीतल्या सर्वांत हसऱ्या म्हणून समजल्या गेलेल्या कवीचे शब्द असावेत, हे मला तरी विचित्र वाटत नाही.

'निळासावळा' हा शब्द ज्या 'औदुंबर' कवितेतला, तिच्या आठच ओळी आहेत आणि त्यांच्यावर समीक्षकांनी शेकडो ओळी लिहिल्या आहेत. कोणाला त्यात समाधी दिसते, औदुंबर हे दत्ताचे झाड असल्याने तसे दिसणे साहजिकही आहे. कोणाला मृत्यू दिसतो. त्या वादात मी पडत नाही. मला फक्त एवढेच सुचवायचे आहे की ती सावकाश, डोळ्यांनी चालत वाचावी. आधी दोन्ही काठांवरची हिरवळ आणि मधून वाहणारा झरा, मग टेकडीकडचे चार घरांचे गाव, मग दाटीने उभी शेते, मग एक पायवाट. घरे आहेत, शेते आहेत, पण घरांच्या दारात कोणी नाही आणि शेतांतही कोणी नाही. पायवाट तर माणसांच्या चालण्यानेच पडते, आणि तिच्यावरूनही कोणी चाललेले नाही. हिरव्या रंगातून ती पांढरी रेघ वाकडीतिकडी पुढे जाते आणि जेथे पोचते तेथले पाणी काळे आहे. त्या पाण्यात पाय सोडून बसलेला आहे तो एकटा औदुंबर.